एका उत्पादकाच्या सगळ्या कपाती सगळ्या शीटमधून एकत्र आणायच्या असतील तर

तुमची गरज अशी: दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल एक्सेलमध्ये वेगळ्या शीटवर आहे आणि उत्पादकाचा नंबर टाकला की त्याच्या वर्षभराच्या कपाती एकाखाली एक दिसायला हव्यात. कुणाची पशुखाद्याची एकच ओळ, कुणाच्या पशुखाद्य, ॲडव्हान्स, औषधं अशा तीन-चार. व्हीलुकअप हे शोधायचं फंक्शन पहिली जुळणारी ओळ मिळाली की थांबतं, एक्सलुकअपही तेच करतं. त्यांच्या मागे लागू नका. इथं जुळणाऱ्या सगळ्या ओळी देणारं फिल्टर हे फंक्शन लागतं.

पण आधी मांडणी सुधारा, खरं काम तिथंच आहे. तुमच्या शीटवर उत्पादकाचा नंबर पहिल्या कपातीसमोर आहे आणि खालच्या ओळींसमोर रकाना कोरा. वाचणाऱ्याला कळतं की त्या ओळी त्याच्याच. एक्सेलच्या लेखी त्या कुणाच्याच नाहीत. सर्वात आधी शेवटची 'एकूण'ची ओळ काढून टाका, नाहीतर पूर्ण बिलाची बेरीज शेवटच्या उत्पादकाच्या नावावर कपात म्हणून चढेल. सेल मर्ज केले असतील तर सुटे करा. मग नंबरचा रकाना निवडा, एफ५ दाबा, स्पेशलमध्ये जाऊन ब्लँक्स निवडा. कोरे सेल निवडले गेले की बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा आणि कंट्रोल धरून एंटर. प्रत्येक कोऱ्या सेलमध्ये वरचा नंबर उतरतो. लगेच पूर्ण रकाना कॉपी करून त्याच जागी फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. सूत्रं तशीच ठेवली तर पहिल्यांदा सॉर्ट केलंत की नंबर इकडचे तिकडे होतील.

प्रत्येक ओळीत बिलाची तारीखही घाला. शीटचं नाव निकालात येत नाही, त्यामुळे तारीख नसेल तर कपात कोणत्या बिलातली हे सांगता येणार नाही आणि उत्पादक नेमकं तेच विचारायला येतो. शिवाय एका शीटवर १७ हा आकडा आणि दुसरीवर ०१७ हा मजकूर असेल तर ते जुळत नाहीत. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर संशय घ्या.

एक्सेल ३६५ किंवा २०२४ असेल तर पुढचं सोपं आहे. 'सुरू' आणि 'शेवट' नावाच्या दोन कोऱ्या शीट करा, सगळी बिलं त्यांच्या मधे ठेवा, शोधायची शीट मात्र बाहेर. व्हीस्टॅक या फंक्शनला 'सुरू' ते 'शेवट' असा पल्ला द्या, ओळी २ ते ४००, म्हणजे सगळ्या शीट एकाखाली एक रचल्या जातात. तो फिल्टरमध्ये घाला. अट म्हणून नंबरच्या रकान्याचा तसाच दुसरा व्हीस्टॅक, पुढे बरोबरचं चिन्ह आणि शोधायचा नंबर. रिकाम्या ओळी शून्य होऊन येतात, पण अटीत गळतात. फिल्टरमध्ये तिसऱ्या जागी 'कपात नाही' लिहा, नाहीतर निकाल नसला की त्रुटी दिसेल. नवं बिल मधे ठेवलं की आपोआप धरलं जातं.

२०१६ किंवा २०१९ असेल तर पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलंच टेबलं एकत्र करायचं साधन. प्रत्येक बिलाचं कंट्रोल-टीने टेबल करा आणि सगळी टेबलं त्यात अपेंड करा, म्हणजे एकाखाली एक जोडा. मथळे अक्षरशः सारखे हवेत. 'रक्कम'पुढे एक स्पेस जास्त पडली तरी वेगळा रकाना तयार होतो. नवीन बिल आलं की त्याचं टेबल अपेंडमध्ये जोडून रिफ्रेश.

आणि पुढच्या वर्षापासून बिलागणिक शीट करूच नका. सगळ्या कपाती एकाच शीटवर, तारखेच्या रकान्यासह भरा. साध्या फिल्टरने भागेल, आणि फक्त एकूण रक्कम हवी असेल तर अटीनुसार बेरीज करणारं समइफ्स पुरेल.