गोंदण, टॅटू आणि अंगावरचा क्रूस

नाशिकमधल्या शरणपूरच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या मुलाला मनगटावर क्रूस काढून घ्यायचाय, आणि तो म्हणतो बायबलमध्ये गोंदवून घेऊ नका असं आहे, टॅटूचं नावच नाही, तर दोन्ही एकच का? घरातले एक काका म्हणतायत गोंदण हा शब्दच नको, अंगमुद्रा म्हणा.

मुलाचा मुद्दा आधी घेते. क्रिया एकच आहे, सुईने कातडीखाली रंग सोडायचा. टॅटू हा शब्द मुळात ताहिती बेटांकडचा, तिथे 'तताऊ', आणि 1769 साली कॅप्टन कुकच्या जहाजाबरोबर तो इंग्रजांना मिळाला. त्यामुळे 1611 च्या इंग्रजी बायबलात टॅटू असणं शक्यच नव्हतं, तिथे नुसतं अंगावर खुणा छापू नका असं आलंय. आपल्याकडे मात्र शब्द तयारच होता, गोंदणे, म्हणून जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातलं ते वचन (19:28) मराठीत आलं ते थेट "गोंदवून घेऊ नका" असंच. म्हणजे शब्द वेगळा म्हणून सुटलो, असं काही होत नाही हो.

पण शब्द तयार होता म्हणजे त्याच्याबरोबर त्याचं सगळं जगही आलं. आपल्याकडे गोंदण म्हणजे कपाळावरचा ठिपका, हातावरची तुळस, देवाचं नाव, नवऱ्याचं नाव, जत्रेत बसलेल्या गोंदणाऱ्या बायका, आणि जुन्या बायका म्हणायच्या तसं, सगळे दागिने इथेच राहतात, मेल्यावर गोंदण तेवढं सोबत येतं. पहिल्या पिढीतले जे ख्रिस्ती झाले त्यांच्यातल्या कितीतरी बाया हे गोंदण अंगावर घेऊनच बाप्तिस्म्याला उभ्या राहिल्या असणार. माझ्या आजेसासूबाईंच्या हातावर हिरवी पडलेली तुळस होती आणि त्याच हातांनी त्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या, ते कुणाला खटकल्याचं मी कधी ऐकलं नाही. म्हणून आपल्या घरांत ते वचन "जुन्या देवांच्या खुणा आता नव्याने घेऊ नका" असं ऐकलं गेलं, आणि ते ऐकणं खोटं नव्हतं असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ हिब्रू बघा. तिथे 'केतोवेत कअका' असे दोन शब्द आहेत. केतोवेत म्हणजे लिखाण, आणि कअका हा शब्द अख्ख्या बायबलात फक्त याच एका ठिकाणी येतो, त्यामुळे त्याची नेमकी छटा पकडायला दुसरा आधारच नाही. पण वाक्याची सुरुवात वाचली की बरंच उलगडतं, मेलेल्या माणसासाठी अंगावर वार करून घेऊ नका, मग हे लिखाण, आणि शेवटी "मी परमेश्वर आहे". शोकाच्या आणि परक्या पूजेच्या चालीरीतींवर बोट आहे. आदल्याच ओळीत दाढीचे कोपरे कापू नका असंही आहे, ते आपल्यात कुणी पाळताना दिसत नाही!

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे केतोवेत हा शब्द 'लिहिणे' या अर्थाच्या ज्या धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून, आलाय तोच धातू यशया 44:5 मध्ये आहे, तिथे एकजण आपल्या हातावर "परमेश्वराचा" असं लिहील असं म्हटलंय आणि ते आनंदाने सांगितलंय. बंदी आणि आशीर्वाद, दोन्हीकडे लिहिणं तेच, प्रश्न फक्त कुणाचं नाव लिहिलंय एवढाच.

नव्या करारात प्रेषित पौल म्हणतो माझ्या अंगावर येशूच्या खुणा आहेत (गलती 6:17). ग्रीक शब्द स्तिग्माता, हा गुलामांच्या, विशेषतः पळून गेलेल्या गुलामांच्या अंगावर गोंदलेल्या खुणांसाठी वापरला जायचा. हे वाचताना मला आपलं शरणपूर आठवतं, कारण 19व्या शतकात इथल्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची, त्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह घेऊन 1874 मध्ये इंग्लंडला पोचला. अशा मुलांसमोर "मी ख्रिस्ताचा दास" हे वाचलं जाताना त्या शब्दाचं वजन किती असेल.

मराठीत इथे एक बारीक फरक फार कामाचा आहे. गोंदण आपण *घेतो*, गोंदवून घेतो. वण मात्र *पडतो*. पौलाने काही गोंदवून घेतलं नव्हतं, छड्या खाल्ल्या, दगड खाल्ले, त्याचे ते वण. तेव्हा टॅटूच्या समर्थनाला हे वचन लावू नका, ते वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे.

मग क्रूस काढावा का? इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या उजव्या मनगटाच्या आत छोटा क्रूस गोंदवून घेतात, यरुशलेमला जाणारे यात्रेकरूही घेत आलेत, इथिओपिया-एरिट्रियात कपाळावर असतो, आणि 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांशी बोलताना हेच कपाळावरचे क्रूस आठवून टॅटूला घाबरू नका असं सांगितलं होतं. आपल्याकडचे काही पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आजही नको म्हणतात, शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे (1 करिंथ 6:19) म्हणून. ते वचन मुळात व्यभिचाराबद्दल आहे, पण त्यातली काळजी खरी आहे, आणि मुलाने ती नीट ऐकून घ्यावी, फक्त फॅशन म्हणून असेल तर थांबावं. श्रद्धेने घेत असेल तर मी त्याला पाप म्हणणार नाही.

राहिला काकांचा शब्द. अंगमुद्रा नको. मुद्रा म्हटलं की शिक्का आठवतो, आणि वैष्णवांची तापवून उमटवायची तप्तमुद्रा आठवते, म्हणजे जो जुना संदर्भ टाळायचाय तोच मागच्या दाराने आत येतो. शिवाय असं बोलतं कोण? तरुण मुलं "टॅटू काढला" म्हणतात, म्हणू देत. आणि ताई, तुम्ही "मुलाने मनगटावर क्रूस गोंदवून घेतला" असं म्हटलंत तर ते अगदी शुद्ध, घरगुती आणि बरोबर मराठी आहे.