दाखला अडवला तरी प्रवेश थांबत नाही, पण पोर्टलवरचं नाव सोडवून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं वर आलं. पुण्याहून सोलापूर जिल्ह्यात माहेरगावी परत आलात, मुलगी चौथीत, जुनी इंग्रजी शाळा थकलेल्या फीपायी दाखला अडवून बसलीय आणि इथल्या शाळेतल्या बाई म्हणतात, आधी दाखला आणा. आमच्या पोराच्या वेळी हेच सगळं झालं, फक्त तो तिसरीत होता.

प्रवेशाचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ काढून दाखवा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. फी माफ होते असं मी म्हणत नाही, तो हिशोब वेगळा. हे आठवीपर्यंतचं झालं. मी वकील नाही, नववीच्या पुढचं मला विचारू नका.

आता खरी गोम. लेकरू वर्गात बसलं, खिचडी खाऊ लागलं, की आपल्याला वाटतं सुटलो. पण ऑनलाइन, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर, ते अजून जुन्याच शाळेत असतं. जुन्या शाळेने लॉगिनमधून सोडल्याशिवाय नव्या शाळेच्या यादीत नाव चढत नाही. आणि ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार जुळलेल्या मुलांचा, यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत कायद्याने दोनच शिक्षक. आमची शाळा नेमकी काठावर होती, तिथं एकेक नाव मोलाचं. गुरुजींना आपल्या दाखल्यापेक्षा ही काळजी जास्त असते. बाई अडून बसल्या असतील तर बहुधा त्याचमुळे, त्यांच्यावर चिडू नका.

जुनी शाळा पोर्टलवरून नाव सोडत नाही म्हणून मी वरच्या कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथं कामं पडतात. अर्ज घेतला, पोच मागितली तर म्हणाले, "आवकवाले (आलेल्या अर्जांची नोंद करणारे) ट्रेनिंगला गेलेत, ठेवून जा, होऊन जाईल." पुढच्या खेपेला आवकवाले होते, पण अर्ज नव्हता. मग कळलं की तो "फी तक्रार" म्हणून दुसऱ्या टेबलावर गेलाय. त्या टेबलाच्या साहेबांनी फाईल उघडली, वर माझाच अर्ज, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग, आणि म्हणाले, "शाळा आमच्या जिल्ह्यातली नाही, आम्ही काय करणार?" अरे बाबा, मी फीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं! नाव सोडा म्हणून जुन्या शाळेला पत्र पाठवा, एवढंच मागितलं होतं. या टोलवाटोलवीत ३० सप्टेंबर उलटून गेला आणि पोरगा वर्षभर वर्गात असूनही पटात नव्हता. खालची माणसं राबतात आणि वरची शिक्का शोधत बसतात, माझं तरी असंच मत झालंय. सगळी कार्यालयं तशी नसतील.

म्हणून तुम्ही तसं करू नका. आधी नव्या शाळेकडून जुन्या शाळेच्या नावाने दाखल्याचं मागणीपत्र घ्या आणि ते स्पीड पोस्टाने पाठवा, हातात देऊन "बघतो" ऐकू नका. त्याची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती जोडून मग केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या पंचायत समितीकडच्या अधिकाऱ्यांना, भेटा. अर्जात फी हा शब्दच नको. "ऑनलाइन नाव वर्ग करणेबाबत" एवढाच विषय, खाली मुलीचा पेन नंबर (पोर्टलवरचा तिचा कायमचा नंबर) आणि दोन्ही शाळांचे यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख नंबर). आणि आवक नंबर पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, कितीही लाज वाटली तरी. एक बघा, गावात नगरपालिकेची शाळा असेल तर ती पंचायत समितीकडे येत नाही, तिला नगरपालिकेचे प्रशासनाधिकारी असतात. चुकीच्या दारात उभं राहिलात तर महिना गेलाच म्हणून समजा.

शाळा कशी आहे म्हणून विचारलंय. लोक लगेच परितेवाडीच्या डिसले सरांचं नाव घेतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवूनच त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, खरंच आहे. पण बदल्या होतात, म्हणून शाळेच्या नावावर जाऊ नका, आज वर्गावर कोण आहे ते पाहा. मधल्या सुट्टीनंतर जाऊन पाचेक मिनिटं दारात उभ्या राहा, समजतं. शाळा चौथीपर्यंतच असेल तर पाचवीला मुली कुठं जातात तेही आत्ताच विचारून ठेवा.

विषयाबाहेरचं, पण पोखरापूरच्या नवोदयचा (सहावीपासूनची केंद्र सरकारची निवासी शाळा) विचार डोक्यात असेल तर सांगतो. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. तुमच्या मुलीची तिसरी पुण्यात गेलीय, त्यामुळे तिचा फॉर्म शहरी म्हणूनच भरावा लागेल. भरायचा तो भराच, पण कुणाच्या सांगण्यावरून ग्रामीणची टिक करू नका.