ताई, ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ हे प्रतिज्ञापत्र उद्या करू नका

ताई, तुमची पोस्ट वाचून घाईघाईनं लिहितो आहे, कारण तुम्ही उद्या सकाळीच तहसीलला जाणार म्हणता. तुमच्या बाबांच्या सातबाऱ्यावर ‘वानखडे’, आधारवर ‘वानखेडे’. फार्मर आयडीत नाव जुळत नाही, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता अडकला. त्यात गावात बाबांच्याच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले आणखी एक गृहस्थ. आणि सेतूवाल्यानं सांगितलं की ‘वानखडे व वानखेडे ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं लिहून द्या, काम होऊन जाईल. ताई, ते वाक्य तसंच्या तसं लिहून देऊ नका. मी दिलं होतं.

मी दर्यापूर तालुक्यातला, तुमच्यासारखाच वानखडे. आधार कुठे दुरुस्त करतात, सातबारा कुठून काढायचा हे तुम्हाला माहीतच असणार, ते लिहीत बसत नाही.

माझ्या गावात आमच्या आडनावाची चाळीसेक घरं आहेत. त्यात कुणबी आहेत, बौद्ध आहेत, दोन घरं माळ्यांची. आजोबा म्हणायचे, आपण सगळे मूळचे वानखेडचे. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात वानखेड गाव आहे, आणि मेळघाटातून उतरून वारी भैरवगडच्या धरणावरून पूर्णेला मिळणारी वान नदीही त्याच भागातली. तिथून कोण कधी निघालं, कुठल्या घराण्याचं कुठल्या घराण्याशी नातं, हे कोणी सांगू शकत नाही. गावचं नाव लावून निघालेल्या सगळ्यांना तेच आडनाव चिकटलं, एवढंच. गावात आम्हाला एकमेकांची ओळख पटते ती पुऱ्यावरून, म्हणजे वस्तीवरून: वरच्या पुऱ्यातले, विहिरीजवळचे, टीनवाले. पण पुरा सातबाऱ्यावर नसतो आणि बँकेच्या संगणकातही नसतो.

वरून ती मात्रा. आमचे खासदार बळवंत वानखडे, आधी दर्यापूरचे आमदार होते, त्यांच्या ‘ख’वर मात्रा नाही. मुंबईचं स्टेडियम ज्यांच्या नावाचं आहे ते विदर्भातलेच शेषराव वानखेडे, विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले, त्यांच्या ‘ख’वर आहे. आर्वीचे आमदार सुमित वानखेडे, तिथेही आहे. 1975 पासून त्या मैदानावर कसोटी सामने होतात, टीव्हीवर, पेपरात सगळीकडे ‘वानखेडे’च दिसतं. आधारचे कॅम्प लागले तेव्हा ऑपरेटर पोरांनी आमच्या गावात ज्याला त्याला ‘वानखेडे’ करून टाकलं, असा माझा समज आहे. कोणी विचारलंही नाही. इंग्रजीत तर आणखी फाटे: सुरुवातीला डब्ल्यू की व्ही, मधे ए की ई. माणूस वाचतो तेव्हा त्याला कळतं, संगणकाला प्रत्येक वेळी नवा माणूस दिसतो.

आता माझं. 2016 ला पीककर्ज नवंजुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायला गेलो. शाखेचं नाव लिहीत नाही. सातबारा ‘वानखडे’, आधार ‘वानखेडे’. बाबू म्हणाला, प्रतिज्ञापत्र आणा. तहसीलच्या बाहेर निंबाखाली अर्ज लिहिणारे बसतात, त्यांच्याकडे तयार मजकूर होता. नुसतं नाव भरायचं. आजही शब्द न् शब्द पाठ आहे: ‘सदर दोन्ही नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत, त्याबाबत माझी कोणतीही हरकत नाही.’ गट नंबर नाही, आधारचा आकडा नाही, आईचं नाव नाही, वय नाही. सही केली, शिक्का घेतला, नेऊन दिलं. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मला आनंद झाला होता.

गावात माझ्या नावाचे एक काका आहेत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आणि सगळ्या कागदांवर सुरुवातीपासून ‘वानखेडे’. आम्ही कुणबी, ते बौद्ध. नातं काही नाही, पण शेताला शेत लागून, तीन पिढ्यांचा शेजार. त्यांचं खातं त्याच शाखेत. मी लिहून दिलं होतं की वानखडे म्हणजेच वानखेडे. शाखेत कोणीतरी त्या कागदावरून दोन ग्राहक क्रमांक एक करून टाकले. म्हणजे मीच ते काका, असं माझ्याच सहीनं ठरलं.

हे आम्हाला चार वर्षं कळलं नाही. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, दोघांचंही कर्ज थकलं. डिसेंबर 2019 ला महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. अट अशी होती की 30 सप्टेंबर 2019 ला मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांपर्यंत असेल तर माफ, त्याच्या वर गेली तर काहीच नाही. माझे एक लाख पाच हजारांच्या आसपास होते, काकांचे एक लाख बत्तीस. वेगवेगळे धरले तर दोघंही बसत होतो. बँकेच्या हिशोबात आम्ही एक माणूस होतो आणि त्या एका माणसाची थकबाकी दोन लाख सदतीस हजार. फेब्रुवारी 2020 ला याद्या लागल्या. दोघांचंही नाव नाही.

मी सातबारा काढून पाहिला तर ‘इतर अधिकार’च्या रकान्यात दोन बोजे, म्हणजे दोन कर्जांच्या नोंदी. दुसऱ्या रकमेचं कर्ज मी कधी उचललंच नव्हतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, वाटलं टायपिंगची चूक असेल. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं.

शाखेत जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा एकच उत्तर, ‘तुम्ही अपात्र आहात, सिस्टीम दाखवत नाही.’ काका वेगळे जायचे, त्यांनाही हेच. मधे मॅनेजरही बदलले. एकानंही तो कागद काढून समोर ठेवला नाही. एकदा मी लेखी अर्ज दिला, पोच मागितली तर म्हणे इथे पोच देत नाही. मी मुकाट्यानं परत आलो. ती माझी दुसरी चूक. त्या टेबलासमोर उभं राहून माणूस इतका लहान होतो की आपलाच कागद आपल्याला परक्यासारखा वाटायला लागतो. हे लिहितानाही राग येतो आहे, माफ करा.

सुटलं कसं ते सांगतो. 2020 च्या पावसाळ्यात एक दिवस काका न् मी योगायोगानं एकाच वेळी शाखेत गेलो. नवीन मॅनेजरबाईंनी नाव पुकारलं आणि आम्ही दोघंही उठलो. खांद्यावर दुपट्टा टाकलेले काका आणि मी, काउंटरसमोर शेजारी शेजारी. बाई दोघांकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही दोघं आहात?’ त्यांनी कपाटातून फाइल काढायला लावली आणि त्यात माझं ते प्रतिज्ञापत्र निघालं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे सगळं माझ्या सहीनं झालं आहे. काका बाहेर पायरीवर बसले. म्हणाले, ‘बाबू, म्या तं बैलजोडी इकून टाकली. नोटिसा येत होत्या न, वाटलं आता जप्ती येते.’ पेरणीच्या तोंडावर जोडी विकून त्यांनी अख्खं कर्ज भरून टाकलं होतं. योजना होती थकीत असलेल्या खात्यांसाठी. भरलेलं खातं त्यात बसेना. पुढे दोघांचे क्रमांक वेगळे झाले, नंतरच्या यादीत माझं नाव आलं, मला माफी मिळाली. त्यांना शेवटपर्यंत नाही. जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज केला, दोन चकरा मी स्वतः मारल्या, काही झालं नाही. मी अर्धे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. त्या पोळ्याला त्यांच्या दारात जोडी नव्हती. तीन हंगाम त्यांची पेरणी माझ्या बैलांनी केली, त्यापेक्षा जास्त त्यांनी मला करू दिलं नाही.

म्हणून सांगतो ताई, आधी तो कागद नीट करा. मी वकील नाही. प्रत्येक तहसीलची रीत थोडी वेगळी असते, एकदा जाणत्या माणसाला विचाराच. पण माझ्या मते प्रतिज्ञापत्रात नाव कधी एकटं लिहू नये. ‘गट क्रमांक अमुक, खाते क्रमांक तमुक या जमिनीच्या सातबाऱ्यावरील वानखडे आणि शेवटचे चार आकडे अमुक असलेल्या आधारवरील वानखेडे’ असं लिहायचं. आईचं नाव लिहायचं, जन्मतारीख लिहायची. आणि त्याखाली हे वाक्य आलंच पाहिजे: ‘याच गावात याच नावाची दुसरी व्यक्ती राहते, ती माझ्याहून वेगळी असून तिच्या जमिनीशी व कर्जाशी माझा संबंध नाही.’ अर्जनवीस म्हणेल, याची गरज नाही. म्हणू द्या. जमलं तर त्या दुसऱ्या गृहस्थांनाही सोबत न्या, दोघांचे फोटो आणि आधार लावून ‘आम्ही दोन वेगळ्या व्यक्ती आहोत’ असं दोघांच्या सह्यांचं एक पत्र बँकेला द्या. आम्ही चार वर्षं उशिरा दिलं.

तरी प्रतिज्ञापत्र म्हणजे ठिगळ. खरी दुरुस्ती मुळाशी करावी. कोणता कागद बदलायचा यावर लोक वेगवेगळं सांगतील. माझं ठाम मत असं की जो कागद सर्वात जुना त्याला हात लावू नका, नवा त्याच्याशी जुळवा. आधार जुळवणं सोपं, पण नावात बदल आयुष्यात दोनदाच करता येतो, म्हणून पहिल्याच वेळी एकेक अक्षर तपासून घ्या. सातबाऱ्यावरच टंकनाची चूक झाली असेल, म्हणजे जुन्या फेरफारात (हक्कबदलाच्या नोंदीत) एक नाव आणि संगणकीकृत सातबाऱ्यावर दुसरं, तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करता येतो. जुन्या फेरफाराची नक्कल त्यासाठी लागेलच. मालकीचा वाद असेल तर मात्र 155 चालत नाही. राजपत्रात नाव छापून आणायच्या फंदात पडू नका, ते खरोखर नाव बदलणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या बाबांचं नाव बदललं नाही, दुसऱ्यांनी बिघडवलं आहे.

बँकेचा बोजा चुकून चढला असेल तर आधी बँकेचं पत्र, मग तलाठ्याकडे फेरफार (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणीकरण. नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावच्या फेरफारांच्या नोटिसा ऑनलाइन दिसतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला पाहतो, पाच मिनिटं लागतात. आमच्यासारख्या गर्दीच्या आडनावाच्या माणसानं हे केलंच पाहिजे.

जातीच्या दाखल्याचंही पोस्टमध्ये ओझरतं लिहिलं आहे, म्हणून थोडं. आडनाव एक म्हणून दुसऱ्या घरची जुनी नोंद चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वंशावळीनं रक्ताचं नातं दाखवावं लागतं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा यांत शोधा. आमच्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात एकाच पानावर तीन पोरांचं आडनाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं आहे, एक ‘वानखडे’, एक ‘वानखेडे’ आणि एक ‘वानखड्या’. गुरुजींनी कानावर पडलं तसं लिहिलं. आणि आडनावावरून घराण्याचा उगम ठरवू नका. आपले पंजाबराव देशमुख मूळचे कदम होते.

आईचं नाव सगळीकडे लावा हे पुन्हा सांगतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं शासनानं ठरवलं आहे. माझ्या नातीचं तसंच लागलं. काकांच्या आणि माझ्या बाबतीत नाव, वडिलांचं नाव, गाव सारखं होतं, आया वेगळ्या होत्या, आणि ते कुठल्याही कागदावर विचारलं नव्हतं.

एक ध्यानात ठेवा, काहीही दिलं की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्याच. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

उद्या तहसीलला जायच्या आधी त्या दुसऱ्या वानखेडेंच्या घरी जाऊन या. त्यांचं कर्ज कुठल्या शाखेत आहे, सातबाऱ्यावर बोजा किती आहे, विचारा. शाखा एकच निघाली तर दोघं मिळून, एकाच वेळी, एकाच टेबलासमोर जा. तुमच्या मजकुराचा कच्चा मसुदा इथे टाका, मी रात्री नऊनंतर बसतो, वाचून सांगतो. आधारचा पूर्ण नंबर मात्र इथे लिहू नका.