दोन प्रस्ताव हाती असताना

तुमच्यासारख्या अमेरिकन फुटबॉलच्या तरुण प्रशिक्षकाला दोन विद्यापीठांनी एकाच वेळी बोलावले याचा मनापासून आनंद झाला, पण पगाराच्या आकड्याला भुलण्याआधी कराराच्या मुदतीपूर्वी तुम्हाला काढल्यास विद्यापीठ किती देणे लागेल आणि तुम्हीच सोडून गेलात तर किती भरावे लागेल, ही दोन कलमे वकिलासोबत बसून शब्दन् शब्द वाचा.

प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांचे उदाहरण घ्या: २०१७ च्या हंगामात त्यांचा सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकला, त्यानंतर ते ज्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघातून स्वतः खेळले होते तिथेच परतले, आणि ४७ पैकी अवघे १६ सामने जिंकल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना हटवण्यात आले. जुन्या मैदानाची ओढ मला समजते, तरीही ती निर्णयाचा आधार नसावी.

मी तुमच्या जागी असतो तर सहायक प्रशिक्षकांच्या पगारासाठी किती रक्कम राखून ठेवली आहे आणि २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट देता येणाऱ्या पैशांतला फुटबॉलचा वाटा किती, हे लेखी मागितले असते. निर्णय झाला की आधी तुमच्या सध्याच्या खेळाडूंना एकत्र बसवून स्वतः सांगा. ही बातमी त्यांना फोनच्या पडद्यावर वाचायला लागू नये.