सिस्को यूसीएस 6454 ला ब्लेड सर्व्हर जोडले, नेटवर्क चालतं पण स्टोरेज दिसत नाही. डिफॉल्टमध्ये नेमकं काय मिळतं?

तुमच्या म्हणण्यानुसार ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये चॅसिससोबत (ज्यात ब्लेड बसतात ती पेटी) सिस्कोच्या 6454 फॅब्रिक इंटरकनेक्टची (ब्लेडचं नेटवर्क आणि स्टोरेज दोन्ही बाहेर नेणारं यंत्र) जोडी लावली, ब्लेडना व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे कप्पे) मिळाले, पण फायबर चॅनेलच्या (एफसी, स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) डिस्क ॲरेवरचा एकही लन (सर्व्हरला दिलेली डिस्क) दिसत नाही. आणि ॲरेच्या केबल थेट इंटरकनेक्टमध्येच लावल्या आहेत. मी महापेला सर्व्हर-स्टोरेजचंच काम करतो. तुमची अडचण त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

इंटरकनेक्ट डिफॉल्टमध्ये एंड-होस्ट मोडमध्ये असतो, इथरनेटलाही आणि फायबर चॅनेललाही. म्हणजे वरच्या स्विचला तो स्विच वाटतच नाही, भरपूर मॅक ॲड्रेस असलेला एक मोठा सर्व्हर वाटतो. इथरनेटला याचा फायदाच होतो: स्पॅनिंग ट्री (लूप टाळायला जादा लिंक अडवणारी पद्धत) नाही, सगळे अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या लिंक) एकाच वेळी चालू, प्रत्येक ब्लेडचा व्हीनिक (आभासी नेटवर्क कार्ड) एखाद्या अपलिंकला पिन केलेला. म्हणून तुमचं नेटवर्क लगेच उभं राहिलं. स्टोरेजच्या बाजूला मात्र तो फक्त ब्लेडचं लॉगिन वरच्या सॅन स्विचकडे (स्टोरेज नेटवर्कचा स्विच) पोचवतो. स्वतः झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणता ॲरे दिसेल ते ठरवणं) करत नाही, आणि ॲरेला लॉगिनही देत नाही. थेट जोडलेला ॲरे या मोडमध्ये दिसणारच नाही, कितीही वेळा रिस्कॅन करा.

आता दोन वाटा आहेत. रॅकमध्ये सॅन स्विच असेल तर ॲरे तिकडे हलवा आणि इंटरकनेक्टचे एफसी अपलिंक त्याच स्विचला द्या. त्या स्विचवर एनपीआयव्ही (एकाच पोर्टवरून अनेक लॉगिन घेण्याची सोय) चालू हवं. ब्रोकेडच्या सॅन स्विचवर ते सहसा असतंच, सिस्कोच्या जुन्या एमडीएस स्विचवर हाताने चालू करावं लागतं. व्हीसॅनचा (स्टोरेज नेटवर्कचा व्हीलॅनसारखा कप्पा) नंबर दोन्हीकडे एकच ठेवा. मग एमडीएसवर फ्लोगी डेटाबेस (लॉगिन झालेल्यांची यादी) काढून बघा: एकाच पोर्टवर इंटरकनेक्टचा आणि त्याखाली ब्लेडचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन (एफसी पोर्टचा पत्ता) ओळीने दिसले पाहिजेत. यूसीएसच्या पूलमधले बहुधा 20:00:00:25:बी5 ने सुरू होतात, त्यामुळे पटकन ओळखू येतात. ते दिसले की उरलं फक्त झोनिंग आणि ॲरेवरचं मास्किंग (कोणता लन कोणत्या सर्व्हरला द्यायचा ते).

दुसरी वाट म्हणजे एफसी स्विच मोड. त्यात ॲरे थेट जोडता येतो आणि झोनिंग यूसीएस मॅनेजरमध्ये (इंटरकनेक्टवरचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर) स्टोरेज कनेक्शन पॉलिसीतून होतं. एक चॅसिस आणि एकच ॲरे असेल तर चालेल. पुढे चॅसिस वाढणार असतील तर मी पहिलीच वाट घेईन. मोड बदलताना इंटरकनेक्ट रीबूट होतात, त्यामुळे रीतसर रात्रीची चेंज विंडो घ्या, आणि ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी चुकणार हे धरूनच घरी सांगून या. नॅस किंवा आयस्कझी (दोन्ही इथरनेटवरून चालणारं स्टोरेज) असतं तर एवढं काही लागलं नसतं. ॲप्लायन्स पोर्ट करून ते एंड-होस्ट मोडमध्येही थेट जोडता येतं.

पोर्टचंही बघून घ्या. 54 पैकी पहिले 16 च युनिफाइड (इथरनेट किंवा एफसी, दोन्ही होऊ शकणारे) आहेत, आणि डिफॉल्टमध्ये तेही इथरनेटच. एफसी हवे असतील तर 1 पासून सलग द्यावे लागतात, आणि त्या बदलालाही तो इंटरकनेक्ट रीबूट होतो. म्हणून पोर्ट 1 ते 4 वर चॅसिसच्या केबल लावून बसू नका. चॅसिस पुढच्या पोर्टवर, 40/100 गिगचे अपलिंक 49 ते 54 वर.

क्यूओएसमध्ये (ट्रॅफिकचं प्राधान्य ठरवणारी सेटिंग) बेस्ट एफर्ट (साधा ट्रॅफिक) आणि फायबर चॅनेल या दोन क्लासना वजन 5, म्हणजे 50-50 टक्के दिसेल. ते बघून अर्धी बँडविड्थ गेली असं समजू नका. ती गर्दीच्या वेळची किमान हमी आहे, मोकळी असेल तर दुसरा क्लास ती वापरतो. फायबर चॅनेलचा क्लास डिफॉल्टमध्येच नो-ड्रॉप असतो, कारण ब्लेड ते इंटरकनेक्ट स्टोरेजचा ट्रॅफिक एफसीओई (इथरनेटमध्ये गुंडाळलेलं एफसी) म्हणून इथरनेटवरूनच जातो आणि तिथे फ्रेम गळून चालत नाही. त्याला हात लावू नका. बेस्ट एफर्टचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) मात्र साधा 1500 असतो, जम्बो (मोठा) हवा असेल तर बदला.

आणि दोन इंटरकनेक्टना जोडणाऱ्या एल1, एल2 च्या केबलवर भरवसा ठेवू नका. त्यातून फक्त दोन इंटरकनेक्टचा क्लस्टरचा संवाद चालतो, डेटा जात नाही. व्हीनिकला फॅब्रिक फेलओव्हर (एक इंटरकनेक्ट पडला की दुसऱ्यावर जाणं) आहे, व्हीएचबीएला (ब्लेडचं आभासी स्टोरेज कार्ड) नाही. म्हणून प्रत्येक ब्लेडला इंटरकनेक्ट ए वर एक आणि बी वर एक असे दोन व्हीएचबीए द्या, ओएसमध्ये मल्टिपाथिंग (एकाच लनला दोन वाटांनी पोचणं) लावा, आणि प्रॉडक्शनचा डेटा चढवण्याआधी एका बाजूचे एफसी अपलिंक काढून लन टिकतात का ते बघा.