आजोबांचा जिवंत विश्वास नातवंडांपर्यंत येईतो विझतो, हे कसं थांबवायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी घरच्यांचा विरोध सोसून ख्रिस्ताला स्वीकारलं, वडील एकही रविवार चुकवत नसत, तुम्ही नाताळ आणि ईस्टरला जाता आणि तुमच्या मुलांना आता तेवढंही नकोसं झालंय. मी चर्चचा पाळक (धर्मगुरू) नाही, पण तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे आणि तीन मुलांचा बाप आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

पहिली गोष्ट, ही घसरण मोबाईलने आणली असं मानू नका. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातलं 2:10 काढून बघा. मोशेनंतर इस्राएल लोकांना पुढे नेणाऱ्या यहोशवाची पिढी गेली आणि मागून जी पिढी उठली तिला परमेश्वर माहीत नव्हता, त्याने केलेली कामंही माहीत नव्हती. नियमशास्त्र होतं, याजक होते, सण होते, सगळं जागच्या जागी होतं. पण यहोशवा 24:31 मध्ये म्हटलंय की ज्या वडीलजनांना परमेश्वराची कामं माहीत होती ते हयात असेपर्यंत लोकांनी त्याची सेवा केली, म्हणजे ज्यांनी स्वतः अनुभवलं होतं ती माणसं होती तोवर सगळं टिकलं. त्यांच्यानंतर पद्धत उरली, ओळख राहिली नाही.

हेच पुढे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन लोकांचं झालं, म्हणजे इंग्लंडहून तिथे गेलेल्या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती लोकांचं. 1630 च्या आसपास जी पिढी समुद्र ओलांडून गेली त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) पूर्ण सभासद व्हायचं तर देवाने माझ्या आयुष्यात काय केलं हे उभं राहून सांगावं लागायचं. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले, मुलं सरळमार्गी निघाली, पण त्यातल्या कित्येकांकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं. मग त्यांच्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न आला आणि 1662 मध्ये बोस्टनच्या धर्मसभेने मधला मार्ग काढला, त्याला हाफ-वे कव्हेनंट म्हणतात, की अशा आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा पण त्या आईबापांना प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी) नाही. मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हे वाटतं की ती माणसं वाईट नव्हती, उलट चांगली होती. घसरण दारू-जुगारानेच येते असं आपण धरून चालतो आणि सभ्य, नियमित, आतून कोरडं पडलेलं घर आपल्याला दिसतच नाही.

आता माझ्या घरातलं सांगतो. वडील रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना घ्यायचे आणि ती दर रात्री शब्दाला शब्द तीच असायची, इतकी की आजाऱ्यांसाठीचं वाक्य आलं की आता दोनच वाक्यं उरली हे मला डोळे मिटून कळायचं. मी वाईट मुलगा नव्हतो, मला फक्त ती संपायला हवी असायची. मग एके वर्षी वडिलांचं आणि काकांचं जागेवरून भांडण झालं, बोलणं बंद झालं. महिनाभर प्रार्थना तशीच चालू राहिली. एका रात्री येशूने शिकवलेली "आमच्या पित्या" ही प्रार्थना सुरू केली आणि जसे आम्ही इतरांना माफ करतो तसं आम्हालाही कर असं म्हणणाऱ्या ओळीत, "जसे आम्ही" इथे येऊन वडील थांबले. बराच वेळ काहीच नाही. मी डोळे उघडून पाहिलं तर त्यांची हनुवटी थरथरत होती आणि ते हळू म्हणाले, प्रभू, मला त्याला माफ करता येत नाही, तू करायला लाव. प्रार्थना पुढे पूर्ण झालीच नाही, आईने दिवा मालवला आणि आम्ही झोपलो. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की वडील खरंच कोणाशी तरी बोलतायत, पलीकडे कोणीतरी आहे. हजारो रात्रींनी जे झालं नाही ते त्या अर्धवट प्रार्थनेने झालं. अर्थात बाकीच्या रात्री नसत्या तर ती रात्रही आली नसती हे मला आता कळतं, म्हणून रोजची प्रार्थना सोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

म्हणून माझं उत्तर हे आहे की मुलांना आपला विश्वास नुसता तयार झालेला दाखवू नका, आपल्याला देवाची गरज आहे हेही त्यांना दिसू द्या. आपण उलट करतो, शंका, पाप, रडणं सगळं दार लावून करतो आणि मुलांसमोर फक्त नियम आणतो.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 6 वा अध्याय सावकाश वाचा. घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी बोला हे सातवं वचन आपण सगळीकडे ऐकतो, पण त्याच्या आधीचं सहावं म्हणतं की हे आधी तुझ्या हृदयात असू दे. आणि विसावं वचन तर फारच मोलाचं आहे. मुलगा विचारेल की हे सगळे विधी, नियम कशासाठी, तेव्हा काय सांगायचं? आम्ही मिसरात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं. मूल नियमाबद्दल विचारतंय आणि बापाने आधी सुटकेची गोष्ट सांगायची आहे! आपल्याकडे मुलाने "का जायचं चर्चला" विचारलं की उत्तर येतं "आपण ख्रिस्ती आहोत म्हणून", आणि विषय तिथेच संपतो.

त्याच अध्यायात दहाव्या वचनापासून धोकाही सांगितलाय, न बांधलेली घरं, न खोदलेल्या विहिरी, न लावलेले द्राक्षमळे मिळतील, खाऊन तृप्त व्हाल, तेव्हा विसरू नका. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला म्हातारपणी हीच काळजी लागली होती, 1786 मध्ये त्याने लिहिलं की धर्माने माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून पैसा येतो आणि पैसा वाढला की धर्म आटतो. आजोबांनी सोसलं त्याचं फळ आपण आयतं खातो, मग मुलांना तारण, म्हणजे सुटका, कशापासून हेच समजत नाही.

बायबलमधल्या एली या याजकाबद्दल एक लक्षात घ्या. त्याने मुलांना बोलून बघितलं होतं (1 शमुवेल 2), पण ती मोठी आणि निर्ढावलेली झाल्यावर, आणि आवर घातलाच नाही. आणि त्याच्याच हाताखाली वाढलेल्या शमुवेल संदेष्ट्याची मुलंसुद्धा लाच घेऊ लागली, म्हणजे सेवेत बुडालेल्या माणसाचं घर आपोआप राखलं जात नाही. यहूदाचा राजा हिज्कीया याचं तर मला फार वाईट वाटतं, तुझ्या वंशजांना बाबेलला नेतील असं यशया संदेष्टा सांगतो आणि हा म्हणतो ठीक आहे, माझ्या दिवसात तरी शांती राहील (2 राजे 20). त्याच्यामागून त्याचा मुलगा मनश्शे बारा वर्षांचा असताना गादीवर आला आणि 55 वर्षं राज्य केलं, आणि बापाने मोडलेली मूर्तिपूजा परत आणली.

पण उलटंही होतं, योशीया राजा ह्याच मनश्शेचा नातू, बाप आमोनही वाईट, तरी सोळाव्या वर्षी तो देवाला शोधू लागला. त्यामुळे आपण मुलांना विश्वास देऊ शकत नाही, तो देवच देतो, आणि मुलं दूर गेली म्हणून प्रत्येक आईबापावर दोष ठेवू नये. घरात दुसऱ्याची साथ नसली तरी थांबू नका, प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता, विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून.

माझा मोठा मुलगा पंधराव्या वर्षी म्हणाला, मी उपासनेला येणार नाही, तुम्ही वाटेत आईवर ओरडता आणि दारात पोचलात की हसून हात मिळवता. मला राग आला, कारण खरं होतं. दोन दिवसांनी मी त्याच्या खोलीत जाऊन त्याची माफी मागितली, आणि त्याच्यासमोर बायकोची. तो काही बोलला नाही. आजही तो दर रविवारी येत नाही, पण रात्री प्रार्थनेला बसतो आणि प्रश्न विचारतो, काही प्रश्नांवर मी सांगतो की मला माहीत नाही, आपण दोघं वाचू.

तुमच्या वडिलांना आजोबांची गोष्ट माहीत असणार. कोणाचा विरोध होता, काय सोडावं लागलं, पहिल्यांदा वचन कोणाच्या तोंडून ऐकलं. तुमच्या मुलांनी ती कधी ऐकली आहे का? वडील हयात असतील तर ह्याच आठवड्यात त्यांना विचारा, मुलांना शेजारी बसवून, आणि त्यांचं झालं की तुमच्या आयुष्यात विश्वास कुठे पातळ झाला ते तुम्हीही मुलांना खरं खरं सांगा.