ट्रॅक्टरच्या छताचा एक बोल्ट कमी आहे, तसाच बोल्ट कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की छताच्या किटमधल्या चार बोल्टपैकी एक आलाच नाही, डीलर म्हणतो पूर्ण किट घ्या, आणि घरात पडलेला तसाच दिसणारा बोल्ट तीन-चार आटे जातो आणि गच्च होतो. भाऊ, तो पान्याने पुढे रेटू नका. बोल्ट दुसरा मिळतो, पण बोल्ट ज्यात बसतो त्या ट्रॅक्टरच्या बिडाच्या हाउसिंगमधले आटे मेले, की मोठा टॅप मारून नवे आटे पाडण्यासारखी कामं मागे लागतात. किट तर अजिबात घेऊ नका. हा बोल्ट छतवाल्याने काही स्वतः बनवलेला नसतो, बाजारातलाच असतो.

आधी एवढं सांगा, तो बोल्ट अडकण्याआधी भोकात हलत होता का? पहिले आटे ढिले गेले, बोल्ट डुगडुगला आणि मग आवळला, तर तो बहुतेक सुताचा, म्हणजे इंचातल्या मापाचा बोल्ट आहे आणि भोक मिलिमीटरचं. तीन सुती बोल्ट, म्हणजे 3/8 इंच, 9.5 मिमीचा भरतो. दहा मिमीच्या भोकात तो सहज शिरतो. त्याचे आटेही जवळपास तसेच, 1.59 मिमीला एक. दहाच्या साध्या बोल्टला 1.5 ला एक. फरक केसाएवढा, पण प्रत्येक आट्यागणिक साचत जातो आणि चौथ्या-पाचव्याला बोल्ट बसतो अडून. पहिल्याच फेऱ्यापासून घट्ट लागत असेल तर गोष्ट वेगळी. मग जाडी बरोबर आहे, पण आट्यांमधलं अंतर वेगळं आहे. दहाचाच बोल्ट 1.25 च्या बारीक आट्यातही येतो.

आपल्याकडे हा घोळ होणारच. जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंचाचे आटे सर्रास सापडतात, नवीन किट मिलिमीटरमध्ये येतं, आणि दुकानदार दोन्ही एकाच डब्यात ठेवतो. वर विचारतो, "कितीचा पायजे भाऊ, सुतात का एमेममधी?" गाडीचं नाव किंवा मॉडेल सांगून इथे काही उपयोग नाही.

तुमच्याजवळ तीन बोल्ट आहेत ना, मग गेज-बिज काही नको. आधी ते तिन्ही एकसारखे आहेत का बघा, कारण काही किटमध्ये पुढचे आणि मागचे वेगळे असतात. रिकाम्या भोकात त्यातला एक बोटांनी शेवटपर्यंत गेला की झालं, तोच नमुना. आता तो आणि घरचा बोल्ट शेजारी धरून एकाचे आटे दुसऱ्याच्या खाचेत बसवा आणि उजेडाकडे करा. आटे एकच असतील तर मधून उजेड दिसत नाही. वेगळे असतील तर एका टोकाला फट उघडत जाते. शाळेच्या पट्टीवर मोजायचं असेल तर दहा आटे मोजा: 15 मिमी भरले तर साधे, साडेबारा भरले तर बारीक, सोळाच्या आसपास आले तर तीन सुती. डोक्यावरूनही कळतं. दहाच्या बोल्टला सतराचा पाना लागतो, नव्या मालाला सोळाचा. तीन सुतीच्या डोक्यावर चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा खेळतो.

लांबी डोक्याखालून टोकापर्यंत मोजायची, डोकं धरायचं नाही. भोक पलीकडे बंद असेल तर खराट्याची काडी घालून खोली बघा आणि आतला चिखल, ग्रीस साफ करा. बंद भोकात तेल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर तेलाला जायला जागा नसते, बीड तडकू शकतं. बिडात निदान पंधरा मिमी आटे धरले पाहिजेत, पण टोक तळाला टेकता कामा नये. काही भोकं थेट ऑइलमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लावल्याशिवाय बोल्ट घालू नका.

दुकानात मापाइतकाच आग्रह डोक्यावरच्या आकड्याचा धरा. 8.8 हवा. पहिला 8 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंतची ताकद, दुसरा 8 म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत ताणला तरी कायमचा लांबत नाही. सुताचा निघाला तर डोक्यावर तीन रेघा बघा. काळा रंग म्हणजे हायटेन्सिल, म्हणजे जास्त ताकदीचा, असं दुकानदार सांगेल. रंग कशालाही लागतो. किलोवर मिळणारा बिनआकड्याचा बोल्ट गोठ्याच्या पत्र्याला ठीक. स्टेनलेसचा चमकतो छान, पण साधारण स्टेनलेस 8.8 च्या आधी ताणला जातो.

तुमच्या जवळच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या हार्डवेअरमध्ये नाही मिळाला तर ट्रॅक्टर-जेसीबीच्या पार्टवाल्याकडे बघा, किंवा जिनिंगला माल पुरवणाऱ्या दुकानात. कापसाच्या पट्ट्यात ही दुकानं असतात, तिथे 8.8 चा माल मिळू शकतो. पुढचा टप्पा यवतमाळ, आणि नागपूरला कुणी जाणार असेल तर इतवारीतली लोहाओळी. फोटो पाठवून मागवू नका, जाणाऱ्याच्या खिशात नमुन्याचा बोल्टच द्या. दुकानात नमुन्यावर एक नट चढवायचा आणि तोच नट नव्या बोल्टवर बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघायचा. दोन घ्या.

बसवताना चारही बोल्ट आधी हाताने लावा, मग आलटून-पालटून आवळा. दहाच्या 8.8 ला आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, पाच kg-m च्या आत पुरतो, पान्याला पाइप लावून लटकायची गरज नाही. खाली स्प्रिंग वायसर टाका. जिथे मागे नट आहे तिथे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट. रोलबार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान, असेल तर त्याला छतासाठी नवीन भोक पाडू नका, आणि छत म्हणजे रोलबार नव्हे, ते फक्त उन्हासाठी. पहिल्या दिवशी रोटाव्हेटर चालवून झाला की संध्याकाळी चारही बोल्टना पुन्हा पाना लावा. एखादा तेव्हाही फिरला, तर ब्रॅकेटखालचा रंग किंवा माती दबलेली असते. तो खोलून जागा घासा आणि परत आवळा.